‘न्यायालयीन कोठडी सुनावली’ म्हणजे शिक्षा झाली का?

आपण विचारले आहे की, ओळखीतल्या एका मुलाला मारामारीच्या प्रकरणात आधी तीन दिवसांची पोलीस कोठडी आणि नंतर 14 दिवसांची न्यायालयीन कोठडी ‘सुनावण्यात आली’, तर त्याला शिक्षा झाली असे समजायचे का, आणि तसे असेल तर घरचे लोक जामिनाची खटपट कशासाठी करीत आहेत.

त्याला शिक्षा झालेली नाही. मी तालुका न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक रिमांडच्या, म्हणजे आरोपीला कोठडीसाठी न्यायालयात हजर करण्याच्या, दिवशी ऐकावा लागतो. आपली वर्तमानपत्रे ‘जन्मठेप सुनावली’ आणि ‘कोठडी सुनावली’ असे एकच क्रियापद दोन्हीकडे वापरतात, त्यामुळे वाचणाऱ्याची समजूत चुकली तर दोष त्याचा नाही. शिक्षा खटला चालून गुन्हा सिद्ध झाल्यावरच होते. तोपर्यंत तो मुलगा आरोपी आहे, गुन्हेगार नाही. कारागृहातसुद्धा त्याची नोंद न्यायाधीन बंदी अशी होते. सिद्धदोष बंदी हा वर्ग वेगळा आहे.

अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते, हे संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्येच लिहिलेले आहे. तपासासाठी आरोपी ताब्यात हवा असेल तर पोलीस कारणे देऊन पोलीस कोठडी मागतात. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असून तिच्या कलम 187 नुसार पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांहून अधिक देता येत नाही. मात्र हे 15 दिवस आता सलग न घेता, गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येतात. पोलिसांना चौकशीसाठी ताबा नको असेल, किंवा न्यायालयाला त्याची गरज पटली नाही, तर आरोपीची रवानगी कारागृहात होते. हीच न्यायालयीन कोठडी. ती एका वेळी 15 दिवसांपेक्षा जास्त देता येत नसल्यामुळे बातम्यांत ‘14 दिवस’ हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. ते 14 दिवस संपले की सुटका होते, असे समजून घरची मंडळी त्या दिवशी न्यायालयाच्या आवारात येऊन बसतात आणि मुदतवाढ ऐकून खचतात. हे दर वेळी पाहताना वाईट वाटते.

उलट आम्ही वकील मंडळी ‘एमसीआर झाला’, म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली, असे ऐकले की जामिनाचा अर्ज पुढे सरकवतो, कारण पोलिसांकडचा तपास त्या आरोपीपुरता बराचसा उरकला, असा मुद्दा तेव्हा मांडता येतो. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्कच आहे. अजामीनपात्र या शब्दाचा अर्थ मात्र ‘जामीन मिळूच शकत नाही’ असा नाही. तेथे जामीन द्यायचा की नाही हे न्यायालय गुन्ह्याचे गांभीर्य, आरोपी पळून जाण्याची किंवा साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता पाहून ठरवते. जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला, असेही नाही. खटला उभा राहतोच आणि प्रत्येक तारखेला हजर राहावे लागते.

एक गोष्ट त्या कुटुंबाला अवश्य सांगा. पहिल्या रिमांडपासून 60 दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत 90 दिवसांत, पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर जामीनदार देण्याची तयारी असलेल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हा हक्क आपोआप हातात पडत नाही. मुदत संपताच अर्ज करावा लागतो. अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र आले तर तो हक्क गेला. पुढे शिक्षा झालीच, तर ठरावीक मुदतीच्या कारावासातून आधी कोठडीत काढलेले दिवस वजा होतात.

वकिलाचे शुल्क परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि हा अर्ज कारागृहातूनही करता येतो.