पंथनिरपेक्ष की धर्मनिरपेक्ष?

ताई, तुमचा प्रश्न असा की मुलीच्या शाळेच्या हिंदी पुस्तकात संविधानाच्या उद्देशिकेत 'पंथनिरपेक्ष' छापलंय, पुण्याच्या मामेभावाच्या पुस्तकात 'धर्मनिरपेक्ष', मग गणपतीतल्या वक्तृत्व स्पर्धेत 'राष्ट्रीय संस्कृतीत धर्माचं स्थान' यावर मराठीत बोलताना तिने कोणता शब्द घ्यायचा. आणि आजोबा म्हणतात धर्मनिरपेक्ष म्हणजे धर्म नकोच, ते बरोबर का.

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. ४२व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली सेक्युलर हा शब्द उद्देशिकेत घातला, त्याचं अधिकृत हिंदी झालं पंथनिरपेक्ष आणि अधिकृत मराठी धर्मनिरपेक्ष. आपण इंदूरवाले शाळेत एक भाषा नि घरात दुसरी बोलतो म्हणून आपल्याला हा घोळ दिसतो, पुणेकराच्या लक्षातही येणार नाही.

पंथवाल्यांचं म्हणणं असं की धर्म म्हणजे नुसतं रिलिजन नाही, धर्म म्हणजे कर्तव्य, नीती, त्याबाबतीत राज्य निरपेक्ष कसं राहील? मुद्दा अगदीच पोकळ नाहीये, मराठीतही राजधर्म आहे, शेजारधर्म आहे, माणूस धर्मसंकटात सापडतो, यात पूजाअर्चा कुठे आली. पण मग त्याच हिंदी संविधानात अनुच्छेद १५ मधे भेदभाव कशावरून करायचा नाही, तर 'धर्म, मूलवंश, जाति...', आणि २५ मधे स्वातंत्र्य कशाचं, तर धर्म मानायचं, पाळायचं, प्रचार करायचं. तिथे पंथ का नाही आला? आत सगळीकडे धर्म आणि उद्देशिकेत तेवढा पंथ, हे मला काही पटत नाही. शिवाय मराठी कानाला पंथ म्हटलं की महानुभाव, नाथ, किंवा शिया-सुन्नी, म्हणजे एकाच धर्माच्या आतल्या वाटा. पंथनिरपेक्ष ऐकून आमच्यासारख्याला वाटेल की राज्याचा धर्म ठरलेला आहे, फक्त त्यातले पंथ सारखे.

आता आजोबांचं. ते जे म्हणतायत त्याला मराठीत निधर्मी हा वेगळा शब्द आहे आणि तो पेपरवाले वर्षानुवर्षं धर्मनिरपेक्षच्या जागी बिनदिक्कत वापरत आलेत, त्यामुळे हा गैरसमज झालाय. निरपेक्ष म्हणजे विरोधी नव्हे, एखादी गोष्ट दुसरीवर अवलंबून नसणं. तुमचा मतदानाचा हक्क, नोकरीचा हक्क तुमच्या धर्मावरून ठरत नाही, एवढाच अर्थ. देशाच्या संस्कृतीतून धर्म पुसून टाका असं त्यात कुठेही नाही. उलट अनुच्छेद २९०क वाचा, केरळने दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला, म्हणजे देवळांच्या निधीला, द्यायचे असं खुद्द संविधानात लिहिलंय! (वकील मित्रांनाही हे सांगितलं की आधी खरं वाटत नाही.)

मुलीला उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. 'धर्म ही खासगी बाब' असं सगळे म्हणतात, पण इंदुरात खासगी हे चक्क एका खात्याचं नाव होतं, पेशव्यांनी १७३४ मधे मल्हाररावांच्या गौतमाबाईंना दिलेली जहागीर, दौलतीच्या, म्हणजे राज्याच्या, हिशेबापासून वेगळी. अहिल्याबाईंनी काशीपासून कुठे कुठे देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या त्याचा पैसा या खासगीतला. आणि दुसरीकडे राजवाड्याजवळच्या इमामबाड्यातल्या ताजियाला (मोहरमच्या ताबुताला) लोक अजून 'सरकारी ताजिया' म्हणतात, कारण तो होळकर सरकारचा. म्हणजे देवळं खासगी आणि ताजिया सरकारी, घ्या! पण यावरून होळकर धर्मनिरपेक्ष होते असं मात्र तिने बोलू नये, राज्य शंकराचं आणि आम्ही त्याच्या आज्ञेने चालवतो असं मानणारे ते लोक, त्यांना उदार म्हणा, धर्मनिरपेक्ष हा नागरिक आणि संविधान आल्यानंतरचा शब्द आहे. परीक्षकांत कोणी इतिहासवाला निघाला तर तिथेच धरेल.

सर्वधर्मसमभावही त्याच अर्थाने वापरू नका, ती माणसाची वृत्ती झाली, धर्मनिरपेक्षता हा राज्याचा नियम. एखाद्याच्या मनात समभाव नसला तरी तहसीलदाराच्या खुर्चीत बसल्यावर त्याला तो नियम पाळावाच लागतो.

तर भाषणात धर्मनिरपेक्ष, आणि शाळेच्या हिंदी पेपरात मुकाट्याने पंथनिरपेक्ष, नाहीतर मार्क जातील.