मूत्राशय राखले म्हणजे रोगही राखला का?

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूच्या थरापर्यंत पोहोचल्याचे कळले, की बहुतेक कुटुंबांत एकच शंका डोके वर काढते : मूत्राशय राखले, तर रोगही आत राहणार नाही का? हीच शंका घेऊन एक निवृत्त एसटी चालक मुलासह माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा ठाम होता, "बाबा, एकदाचं मुळासकट काढून टाकू." काका काहीच बोलत नव्हते, पोटावर लघवीची पिशवी लावावी लागेल हे ऐकल्यापासून त्यांचे जेवणावरून मन उडाले होते.

मुलाचे म्हणणे निराधार नव्हते. शक्य असल्यास आधी सिस्प्लॅटिन हे कर्करोगविरोधी औषध असलेली केमो देऊन मग मूत्राशय, पुरुषांत त्यासोबत प्रोस्टेट ग्रंथी, आणि ओटीपोटातील लसिकाग्रंथी काढणे हा प्रस्थापित उपचार आहे. दुसऱ्या मार्गात दुर्बिणीतून गाठ होता होईल तितकी खरवडून काढतात आणि नंतर रेडिएशन व केमो एकत्र देतात. रोग बरा करणे हाच त्याचाही हेतू असतो, हे मुलाला आधी सांगावे लागले. अमेरिका व कॅनडातील तीन केंद्रांमधील 722 रुग्णांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांपर्यंत रोग इतरत्र न पसरलेल्यांचे प्रमाण मूत्राशय काढलेल्या व राखलेल्या अशा दोन्ही गटांत जवळपास सारखे, सुमारे तीन चतुर्थांश होते. मात्र कोणाला कोणता उपचार द्यायचा हे तिथे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, ठरवलेले नव्हते आणि रुग्णही निवडक होते : गाठ एकच व सात सेंटीमीटरहून लहान, मूत्रपिंडांना सूज नाही किंवा असलीच तर एकाच बाजूला, आतील अस्तरावर रोग दूरवर पसरलेला नाही. या अटी गाळून हा आकडा सांगणे मला रुग्णाची फसवणूक वाटते.

काका या अटींत बसत होते, म्हणून तज्ज्ञांनी दोन्ही मार्ग त्यांच्यापुढे ठेवले. तरीही केवळ पिशवीच्या धास्तीने निर्णय होऊ नये, यासाठी मी स्टोमा नर्सना, म्हणजे लघवीसाठी पोटावर केलेल्या छिद्राची व पिशवीची काळजी शिकवणाऱ्या नर्सना, बोलावले. त्यांनी काकांना उभे केले, वाकायला लावले, भजनाला बसतात तशी मांडी घालायला सांगितली आणि घडी व पट्टा टाळून बेंबीच्या उजवीकडे खूण केली, तिथे पाणी भरलेली पिशवी चिकटवून वरून सदरा घातल्यावर ती दिसेना, तेव्हा काकांनी पहिला प्रश्न विचारला : "ही लावून एसटीत बसता येतं का?" येते, असे नर्सनी सांगितले.

मग मूत्राशय राखण्याची किंमतही सांगितली. पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी आणि पुढेही नियमित दुर्बिणीची तपासणी, काहींना वारंवार लघवी व जळजळ, आणि त्या अभ्यासात मूत्राशय राखलेल्यांपैकी सुमारे 13 टक्के रुग्णांना पुढे मूत्राशय काढावे लागले, तेही रेडिएशन झालेल्या जागेवर, जिथे शस्त्रक्रिया अधिक अवघड असते. गावाहून तपासणीला येणे ज्यांना खरोखर जमणार नाही, त्यांनी हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काकांनी आठवडाभर विचार केला. निर्णय महिनोन्महिने लांबवणे घातक ठरते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मूत्राशय राखायचे ठरवले, पण स्नायूत पुन्हा रोग दिसल्यास शस्त्रक्रियेला नकार देणार नाही, हे मुलासमोर डॉक्टरांना सांगूनच.