प्रेस्टनचा 1888-89 चा मोसम : 22 सामने कमी का नव्हते

तुमचा प्रश्न असा आहे : इंग्लंडच्या पहिल्या फुटबॉल लीगमध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड हा क्लब एकही सामना हरला नाही हे खरं, पण सामने होते 22 च. मग 38 सामने न हरलेल्या 2003-04 च्या आर्सेनलच्या पंक्तीला त्यांना बसवायचं का?

बसवायचंच. उलट मला विचाराल तर पहिला पाट प्रेस्टनचा.

आधी 22 चा हिशेब बघा. अ‍ॅस्टन व्हिला क्लबच्या विल्यम मॅकग्रेगरने 2 मार्च 1888 ला काही क्लबांना लीगची कल्पना मांडणारं पत्र लिहिलं, त्यामागे अगदी व्यवहारी अडचण होती. खेळाडूंना पगार देणं 1885 पासून कायदेशीर झालं होतं, त्यामुळे क्लबांना दर आठवड्याला तिकिटाचा पैसा लागायचा. पण ठरलेला सामना कपच्या, म्हणजे बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, सामन्यामुळे आयत्या वेळी रद्द व्हायचा आणि लोक हिरमुसून घरी जायचे. शनिवारी दुपारी गिरण्या सुटल्या की जो कामगार मैदानाकडे निघायचा, त्याला आज सामना होणार याची खात्री हवी होती. लीग म्हणजे मुळात ती खात्री. मोसमात मोकळ्या तारखा 22 च निघत होत्या, म्हणून क्लब बारा. प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एकदा, बाहेर एकदा खेळायचं. तेव्हा प्रेस्टनने होती तेवढी सगळी लीग न हरता खेळून काढली, त्यात काही वगळलेलं नाही.

आता आकडे. 18 विजय, 4 बरोबरी, 74 गोल केले, 15 खाल्ले, गुण 40. दुसऱ्या क्रमांकावरच्या व्हिलाचे 29. आर्सेनलचे 38 पैकी 26 विजय आणि 12 बरोबरी होत्या, म्हणजे प्रेस्टनचं जिंकण्याचं प्रमाण बरंच वरचं. शिवाय त्याच मोसमात प्रेस्टनने एफए कपही जिंकला, तोही पाच सामन्यांत एकही गोल न खाता. अंतिम सामन्यात वुल्व्हरहॅम्प्टनला 3-0 ने हरवलं. आर्सेनल त्या वर्षी कपच्या उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडकडून हरलं होतं. आधीच्याच वर्षी प्रेस्टन कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविचकडून 2-1 ने हरलं होतं, तेही सगळे त्यांनाच विजेते धरून चाललेले असताना. तो सल घेऊन ही मंडळी मैदानात उतरली होती, हे विसरू नका.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करतो : स्पर्धा अजून कच्ची होती. ऑक्टोबरात स्टोकचा संघ प्रेस्टनला पोचला तो नऊच खेळाडूंनिशी. दोन गडी प्रेस्टनकडूनच उसने घ्यावे लागले आणि सामना 7-0 ने गेला. गोलला जाळी नव्हती, पेनल्टी नव्हती, दोन्ही 1891 मध्ये आल्या. गुण कसे द्यायचे हेसुद्धा मोसम सुरू झाल्यावर नोव्हेंबरात ठरलं : विजयाला दोन, बरोबरीला एक. फक्त विजय मोजावेत असं म्हणणारेही होते.

या शेवटच्या मुद्द्यापाशी थोडं थांबतो, कारण त्याकडे फारसं कुणी बघत नाही. मी एकदा तो गुणतक्ता वहीत उतरवून, बरोबरीचे गुण खोडून, क्रम पुन्हा लावून पाहिला. प्रेस्टन कुठल्याही पद्धतीने पहिलंच. पण अ‍ॅक्रिंग्टन बघा : 6 विजय, 8 बरोबरी, 20 गुण, सातवा क्रमांक. एव्हर्टनचेही 20 च गुण, पण विजय 9. फक्त विजय मोजले तर बर्नली आणि डर्बी, दोघेही सात-सात विजयांनी, अ‍ॅक्रिंग्टनच्या वर जातात आणि अ‍ॅक्रिंग्टन थेट दहाव्या क्रमांकावर घसरतं. तळाच्या चौघांना पुढच्या वर्षासाठी पुन्हा मतं मागावी लागायची. एका नियमाने त्या छोट्या गावाच्या क्लबची ती वेळ टळली. (हा क्लब 1896 मध्ये बंद पडला. आजचं अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली वेगळं.)

आणि प्रेस्टनला घडवणारा माणूस विल्यम सडेल. कापड गिरणीचा व्यवस्थापक. पगार बेकायदा होते तेव्हा, 1884 मध्ये, आम्ही खेळाडूंना पैसे देतो हे त्याने फुटबॉल संघटनेसमोर सरळ कबूल केलं. त्यापायी क्लब कपमधून बाहेर गेला, पण पुढच्याच वर्षी नियम बदलावा लागला. त्याने स्कॉटलंडहून खेळाडू आणले आणि त्यांचा एकमेकांना पास देत खेळणारा संघ बनवला. पुढे 1895 मध्ये गिरणीच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल त्याला तुरुंगवास झाला. त्यातला पैसा क्लबवर गेला होता. मला या माणसाबद्दल आदरही वाटतो आणि वाईटही वाटतं. त्या 18 विजयांची किंमत कुणीतरी मोजली होती, हे आकडे बघताना ध्यानात ठेवतो.

प्रेस्टनने 1889-90 मध्येही लीग जिंकली, त्यानंतर आजतागायत नाही.

तुम्ही पुण्याचे आहात म्हणून एक सांगतो. त्या बारा क्लबांतलं ब्लॅकबर्न रोव्हर्स पहिल्या मोसमात 26 गुणांनी चौथं आलं होतं. 2010 पासून त्याची मालकी पुण्याच्या व्यंकीजकडे आहे. प्रेस्टन आणि ब्लॅकबर्न दोन्ही लँकेशायरची, जवळजवळची गावं. त्यांचा सामना लागेल तेव्हा बघा, दोन्ही क्लब त्या पहिल्या शनिवारांपासूनचे आहेत.