सहाजण बेस कॅम्पला निघालाय? मग आधी खाली कोण उतरणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा मित्र, सगळे कोल्हापूरचे, दिवाळीत एव्हरेस्ट बेस कॅम्प. पन्हाळा-पावनखिंड भर पावसात झालंय, एकाला बीपीची गोळी चालू आहे, रजा सगळी मिळून नऊ दिवस. आणि वाटेतल्या नामचे व दिंगबोचे या गावांतले जादा मुक्काम गाळले तर बसतंय का?

बसत नाही. ओढूनताणून बसवूही नका.

विमान जिथं उतरतं आणि ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्ल्यापासून वर जाऊन परत लुक्ल्याला यायला अकरा-बारा दिवस धरा. कोल्हापूर ते काठमांडू जाण्यायेण्याचे दिवस वेगळे, आणि लुक्ल्याचं विमान ढगांमुळं अडकतं म्हणून दोन दिवस हातात मोकळे. म्हणजे पंधरा-सोळा दिवस झाले. दिवाळीच्या हंगामात लुक्ल्याची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. त्यासाठी काठमांडूहून मध्यरात्रीनंतर गाडीत बसायचं आणि चार-पाच तास वळणं खायची. हे एजंट शेवटी सांगतो, तुम्ही आधी विचारा.

आता ते "गाळायचे" मुक्काम. त्यांना विश्रांतीचे दिवस म्हणतात खरं, पण ट्रेकचं निम्मं काम त्याच दिवशी होतं. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची, असा डॉक्टरांचा सरळ हिशेब आहे. नामचे ३,४४० मीटर, तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९०० च्या वर, गोरकशेप ५,१०० च्या वर, बेस कॅम्प ५,३६४. दोन मुक्काम धरूनसुद्धा हा हिशेब काठावर बसतो. ते काढले तर त्यात काय उरतं बघा. त्या दिवशी लोळतही पडायचं नसतं. नामचेहून स्यांगबोचेच्या वरपर्यंत जायचं, दिंगबोचेहून मागच्या नांगकार्त्शांगच्या डोंगरावर जमेल तितकं चढायचं, आणि झोपायला परत खाली.

आणि पन्हाळा-पावनखिंडीबद्दल. पाय तयार आहेत, चिखलात चालायची सवय आहे, उत्तम. पण उंचीची तयारी आपल्याकडं कुठंच होत नाही. जोतिबाच्या पायऱ्या रोज चढा, कळसूबाईला जाऊन या, तरी आख्ख्या महाराष्ट्राचा माथा १,६४६ मीटरलाच संपतो. लुक्ल्याचा विमानतळच २,८०० च्या वर आहे. बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि त्याला कुणाचं शरीर कसं तोंड देईल हे तालमीतल्या जोर-बैठकांवरून कळत नाही. दम चांगला असलेला माणूस उलट जास्त धोक्यात, कारण तो भराभर चढतो. जोतिबा कराच, आठवड्यातून तीनदा, पाठीवर सहा-सात किलो घेऊन. फक्त रंकाळ्याभोवती फेऱ्या मारून ‘तयारी झाली’ म्हणू नका. सपाट आहे तो.

तुमच्या प्रश्नात मला खरी काळजी वाटली ती एका वाक्याची: "सहाही जण एकत्रच पोचणार, एकालाही मागं सोडणार नाही." कोल्हापूरच्या दोस्तीला शोभणारं वाक्य आहे, पण तिथं त्याचा उलटा परिणाम होतो. आपल्यामुळं पाचजणांचा ट्रेक बुडेल या भीतीनं माणूस डोकेदुखी, म्हणजे उंचीच्या त्रासाची पहिली खूणच, लपवतो. आम्ही गेलो होतो तेव्हा आमच्यातला एकजण, ग्रुपमधला सगळ्यात दमदार, दिंगबोचेपासून डोकं धरून चालत होता आणि विचारलं की "काय हुत न्हाई" म्हणून हसत होता. लोबुचेला संध्याकाळी बुटाची नाडी बांधायला त्याला वेळ लागायला लागला तेव्हा गाईडनं त्याला जमिनीवर टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायला लावलं. तोल गेला. जेवण तसंच ठेवून त्याला अंधारात बॅटरीच्या उजेडात खालच्या फेरिचे गावाला उतरवलं. सकाळपर्यंत तो बराच माणसात आला होता. वरच झोपू दिलं असतं तर काय, हा विचार मी करत नाही.

म्हणून निघायच्या आधी, इथंच एका संध्याकाळी मिसळीवर बसून ठरवा. रोज सकाळी नाष्ट्याला प्रत्येकानं सांगायचं: डोकं, भूक, झोप, मळमळ. खोटं बोलायचं नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ, गरगर किंवा फार थकवा असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही, आणि वाढलं तर खाली. तोल जाणं, बरळणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच उतरायचं. खाली जाणारा कधीच एकटा जाणार नाही. त्याच्याबरोबर कोण जाईल त्याचं नाव आत्ताच ठरवा, नाहीतर गोरकशेपला सगळेच एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात. आणि अंतिम शब्द गाईडचा. मतदान नाही. गाईड एक आणि सोबत एक सहाय्यक गाईड घ्या, म्हणजे एकाला उतरवताना बाकीचे उघड्यावर पडत नाहीत. इथं पैसे वाचवू नका, वाचवायचे तर हॉटेलच्या वायफायवर आणि गरम पाण्याच्या अंघोळीवर वाचवा.

बीपीवाल्या मित्रानं आधी डॉक्टरांना भेटायचं, व्हॉट्सॲपवर विचारून चालणार नाही. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दलही त्याच भेटीत विचारा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. ती गोळी घेतली की बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, आणि सोड्याचे फुगे जिभेला लागतच नाहीत. सोड्याच्या गाड्यावर वाढलेल्या माणसाला हे फार खटकतं. झोपेची गोळी आणि दारू, दोन्ही वर जाताना नको. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना हंगामात चालू असतो, तिथं उंचीच्या आजारावर डॉक्टर बोलतात. वाट वाकडी करावी लागली तरी ऐकून घ्या.

विमा काढताना दोन गोष्टी वाचा: किती मीटरपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरनं उतरवण्याचा खर्च त्यात आहे का. पण जरा डोकं दुखलं की हेलिकॉप्टर मागवू म्हणणाऱ्यापासूनही सावध राहा. गरज नसताना केलेल्या अशा उड्डाणांची नेपाळ सरकारनं २०१८ मध्ये चौकशी केली होती.

कागदपत्रं: आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. तुमच्या वयाला आधार चालत नाही. रोख रक्कम काठमांडूतूनच पुरेशी घ्या, नामचेच्या वर एटीएमवर भरवसा ठेवू नका. लुक्ल्याच्या विमानात हातातल्या पिशवीसकट साधारण १५ किलो सामान चालतं.

खाण्याचं. मटण नामचेनंतर विसरा. वर मिळणारं मांस खालून पाठीवर आलेलं असतं, किती दिवसांनी ते विचारू नये. डाळभात घ्या, भात-डाळ पुन्हा वाढतात. कांदा-लसूण चटणी आणि शेंगदाण्याची चटणी न्या, चौथ्या दिवशी जिभेची चव गेल्यावर तेवढाच आधार.

एक अपेक्षा आधीच खाली आणतो: बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर धड दिसत नाही. ते बघायला काला पत्थरवर चढावं लागतं, साडेपाच हजार मीटरच्या आसपास, पहाटेच्या थंडीत. आणि फोटोत दिसतात ते पिवळे तंबू वसंतातले, एप्रिल-मेचे. दिवाळीत तिथं हिमनदीवरचे दगड, पताका आणि तुमच्यासारखे फोटो काढणारे. हवा मात्र स्वच्छ असते, ते दिवाळीच्या बाजूनं.

रजा वाढत नसेल तर माझा सल्ला अन्नपूर्णा बेस कॅम्प. ४,१३० मीटर, पोखऱ्याहून जीपनं बरंच आत जाता येतं, लुक्ल्याच्या विमानाचा घोर नाही. नऊ दिवसांत तेही घाईचंच, पण एक-दोन दिवस जोडले तर निवांत होतं, आणि सहाही जण पोचायची शक्यता कितीतरी जास्त. तरी नाष्ट्याचा नियम तिथंही पाळा. मच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला, ३,७०० मीटरला, एक रात्र काढा आणि मगच वर जा.

सोळा दिवसांची रजा मिळाली तर तारखा आणि बीपीवाल्याला डॉक्टर काय म्हणाले ते इथं लिहा, मग सामानाची यादी सविस्तर देतो. बूट मात्र आत्ताच घ्या. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घेतलेले बूट पहिल्या मुक्कामाला, फाकडिंगलाच फोड आणतात.