नवरा जुने टीशर्ट सोडत नाही, डोक्याचा काही प्रॉब्लेम असेल का?

जळगावच्या एका ताईंनी मला हाच प्रश्न विचारला. असं विचारणाऱ्या बायका कमी नाहीत, फक्त बाकीच्या दुसऱ्याच कशासाठी तरी येतात आणि उठता उठता हे बोलून जातात, या ताई थेट यासाठीच आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

नवरा एमआयडीसीत डाळ मिलमध्ये सुपरवायझर, दारू नाही, गुटखा नाही, पण घरी आला की शर्ट खुंटीला आणि अंगात चार ठरलेल्या टीशर्टांपैकी एक. त्यातला एक गणेश मंडळाचा, 2009 चा, गळ्याची शिवण उसवलेली, काखेत बोट जाईल एवढं भोक, आणि छातीवरच्या गणपतीची फक्त सोंड उरलेली, बाकी प्रिंट धुण्यात गेला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताईंचा भाऊ न्यायला आला तर दार उघडायला हे साहेब त्याच अवतारात. भाऊ हसत म्हणाला, "दाजी, पगार व्हयना नही का?" सगळे हसले, नवरापण हसला, ताईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. माहेरून परत आल्यावर त्यांनी चारातला निळा टीशर्ट कात्रीने कापला आणि फरशी पुसायला घेतला. नवऱ्याने तो पोछ्याच्या बादलीत बघितला आणि तेव्हापासून घरात "डबा दे", "लाईट बंद कर" एवढंच बोलणं.

त्यात ताईंनी मोबाईलवर कुठलं तरी रील बघितलं, होर्डिंग नावाचा, वस्तू साठवत राहण्याचा आजार असतो म्हणून. असतो, खरं आहे, 2013 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 या यादीत त्याला वेगळं स्थान आहे. पण त्यात माणसाला रद्दी, डबे, पिशव्या काहीच टाकवत नाही आणि सामान इतकं साचतं की खोली वापरता येत नाही. इथे चार टीशर्ट होते. म्हणजे तीन.

मग नवऱ्याला एकट्याला बोलावलं. मला वाटलं, मागे काहीतरी असेल, वडिलांची आठवण, एखादा गेलेला मित्र, आम्हा लोकांना अशा गोष्टी शोधायची सवयच असते. तर तो म्हणाला, "मॅडम, काही नाही हो, मऊ लागतो." बस. आणि ते खोटं नाही, नवीन कपड्याला खळ आणि फिनिशिंग असतं, धुऊन धुऊन ते जातं आणि सुती कापड सैल, पातळ होतं, मेमध्ये जळगावचा पारा 45 च्या आसपास असताना मानेला लेबल टोचणारा पॉलिस्टरचा नवाकोरा टीशर्ट कोण घालेल. शिवाय आपली वस्तू आपल्याला जास्तच मोलाची वाटते. 1990 साली कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी कॉफीच्या मगांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यात ज्यांच्या हातात मग दिला होता ते विकायला साधारण दुप्पट किंमत मागत होते, ज्यांना मग मिळाला नव्हता ते तेवढे द्यायला तयार नव्हते.

पण राग मऊपणाचा नव्हता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "घरात माझं म्हणून कपाटातला एक कप्पा आहे, तिथूनपण न विचारता काढलं." मला विचाराल तर अख्ख्या केसमधलं कामाचं वाक्य हेच. तिची साडी त्याने कापली असती तर दोन्हीकडची माणसं गोळा झाली असती ना?

ताईंचीही बाजू आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नवरा फाटक्यात दिसला की लोक त्याला काही म्हणत नाहीत, म्हणतात बायकोचं लक्ष नाही. हे मी त्याच्यासमोर बोलले तेव्हा तो गप्प झाला, त्याच्या डोक्यातच हे कधी आलं नव्हतं.

ठरलं ते असं. विचारल्याशिवाय त्याच्या कपड्याला हात नाही. दाराची बेल वाजली की खुंटीवरचा शर्ट अंगात. नवीन आणायचे तर शंभर टक्के सुती, थोडे ढगळ, लेबल काढून, आधी दोन-तीनदा धुऊन, आणि जुने असतानाच आणायचे, म्हणजे हळूहळू सवय होते. मंडळाचा टीशर्ट उलटा करून धुवायचा, सावलीत वाळवायचा, सोंड तरी टिकेल.

एक मात्र लक्षात ठेवा. नीटनेटका राहणारा माणूस अचानक अंघोळ, दाढी, कपडे बदलणं सोडून देत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, कशात मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर तो टीशर्टचा विषय नाही, ते डिप्रेशन असू शकतं. डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे.

या घरात पुढे नवऱ्याने स्वतःहून एक टीशर्ट काढून दिला, गाडी पुसायला. सोंडवाला अजून आहे. आणि बेल वाजली की शर्ट घालायचं तो निम्म्या वेळा विसरतो, असं ताई सांगतात.