वाचकांचे प्रश्न : कुलूप शाबूत राहिले, घर मात्र फुटले

प्रश्न : कोथरूड येथील आमच्या जुन्या तीन मजली इमारतीत गेल्या महिन्यात समोरच्या बिऱ्हाडात भरदुपारी घरफोडी झाली. कुलूप भारी किमतीचे होते आणि चोरट्यांनी त्याला हातही लावला नाही. कडी-कोयंडा उचकटून ते आत शिरले. आम्ही पती-पत्नी सत्तरी ओलांडलेले असून मे महिन्यात दीड महिना मुलीकडे बंगळुरूला जाणार आहोत. कॅमेरा बसवावा की दुसरे सुरक्षा दार? दोन्हींचा खर्च एकदम झेपणार नाही. — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांकडे जे घडले तेच बहुतेक घरफोड्यांत घडते. कोयंडा खिळ्यांसकट चौकटीतून बाहेर आलेला आणि त्यात कुलूप जसेच्या तसे बंद लटकलेले, असे दृश्य ज्याने एकदा पाहिले आहे तो पुन्हा केवळ कुलपाच्या किमतीवर विसंबून राहत नाही. म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, कॅमेरा आणि दुसरे दार या दोहोंच्या आधी आहे त्या दाराची चौकट आणि कोयंडा पाहावा, कारण तिथला खर्च सर्वांत कमी आणि उपयोग सर्वांत जास्त आहे.

बॅटरी घेऊन कोयंड्याचे स्क्रू जवळून पाहा. बहुधा ते पाऊण-एक इंचाचे असतात आणि वर्षानुवर्षे ओल खाऊन भुसभुशीत झालेल्या लाकडात नुसते टेकलेले असतात. पहारीच्या एका झटक्यात ते सुटतात. त्याऐवजी जाड लोखंडी कोयंडा घेऊन तो आरपार नट-बोल्टने बसवावा आणि नट घराच्या आतल्या बाजूस राहतील असे सुताराला बजावून सांगावे. नंतर दार बंद करून कुलपाच्या उंचीवर तळहाताने जोराने दाबून पाहावे. चौकट हलत असेल किंवा तिच्या कडेने गिलाव्याला भेग गेलेली असेल, तर चौकट भिंतीत धरून ठेवणारे होल्डफास्ट गंजलेले आहेत असे समजावे; अशा वेळी नवे कुलूप घेण्यापेक्षा गवंड्याला बोलावून ते नव्याने सिमेंटमध्ये बसवून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

बाहेरून लटकणाऱ्या कुलपाचा आणखी एक दोष असा की, घरात कोणी नाही हे ते जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असते. दाराच्या आतच बसणारे मॉर्टिस पद्धतीचे कुलूप असेल तर घर बंद आहे की माणसे आत आहेत हे बाहेरून कळत नाही. पुढे कधी जाळीचे सुरक्षा दार बसवले आणि ते बाहेर उघडणारे असले, तर त्याच्या बिजागऱ्यांच्या पिना बाहेरच्या बाजूला येतात व ठोकून काढता येतात. त्या वेल्डिंग करून पक्क्या करून घ्याव्यात. स्नानगृहाच्या खिडकीतील काचेच्या आडव्या पट्ट्याही विसरू नयेत. जुन्या इमारतींत पाण्याच्या पाइपावरून चढून त्या पट्ट्या एकेक करून काढता येतात, म्हणून तिथे आतून लोखंडी जाळी हवी. मात्र सर्वच खिडक्या कायमच्या गजबंद करू नका. आग लागल्यास बाहेर पडण्यासाठी एका खिडकीची जाळी आतून उघडणारी असलीच पाहिजे, आणि आपल्या वयात तर हे मी फार आग्रहाने सांगेन.

कॅमेरा चोराला अडवत नाही, तो पुरावा देतो. पैसे उरले तर जरूर बसवा, पण चेहरा दिसेल इतक्या उंचीवर. अगदी छताला लावलेल्या कॅमेऱ्यात बरेचदा टोपीच दिसते. चित्रण साठवणारी पेटी दिवाणखान्यात उघड्यावर ठेवू नये, कारण चोर जाताना तीही घेऊन जातात.

जाण्यापूर्वी दूध आणि वृत्तपत्र बंद करा. दाराशी साचलेली चार वर्तमानपत्रे हे चोराला दिलेले आमंत्रणच असते. किल्ली कुंडीखाली, चपलांच्या कपाटात किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नका. ज्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे अशा एकाच शेजाऱ्यांकडे द्या. प्रवासाची छायाचित्रे परत आल्यावरच समाजमाध्यमांवर टाकावीत, हे मुलीलाही सांगून ठेवा.

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित कौलारू घर गणपती आणि शिमगा सोडल्यास वर्षभर बंद असते. तिथे काय करता येईल? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कौलारू घरात चोर दारानेच येईल असे धरून चालू नये. चार मंगलोरी कौले सरकवली की माणूस माळ्यावर उतरतो आणि तिथून माजघरात येतो. त्यामुळे कौलांखाली रिपांना भक्कम जाळी ठोकून घेणे आणि माळ्याची झडप खालच्या बाजूने बोल्टने बंद करणे ही पहिली कामे आहेत. मागील दाराला जुन्या पद्धतीचा लाकडी अडसर असेल तर तो काढून टाकू नका. आतून घातलेल्या अडसराइतके मजबूत साधन आजही बाजारात सहजी मिळत नाही.

तांब्या-पितळेची भांडी, समया आणि देव्हाऱ्यातील मूर्ती यांची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून, आताच काढून ठेवा. चोरीचा माल सापडल्यावर ‘हा हंडा आमचाच’ हे सिद्ध करताना अनेकांची अडचण होते. पावसाळ्यानंतर वाढलेले रान काढायला आणि तिन्हीसांजेला पडवीत दिवा लावायला वाडीतील कोणाला तरी मोबदला देऊन नेमावे. माणसाचा वावर दिसणे हे बंद घराचे फार मोठे संरक्षण आहे.

प्रश्न : दागिने लॉकरमध्ये आणि घराचा विमा काढलेला असल्यास काळजीचे कारण उरते का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : उरते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकेत आग, चोरी, घरफोडी किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. म्हणजे भाडे ३,००० रुपये असेल तर ३ लाख. तरीही घरातील कपाटापेक्षा लॉकर कितीतरी बरा.

विम्याबाबत अनेकांची गैरसमजूत आहे. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. तिच्यात चोरी येते ती अशा आपत्तीमुळे आणि तिच्यानंतरच्या सात दिवसांत झालेली. घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ते घेताना दागिन्यांचा उल्लेख आहे का, आणि घर किती दिवस सलग बंद राहिल्यास दावा नाकारला जाईल, या दोन गोष्टी सही करण्याआधी वाचाव्यात. नव्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो; तो पावतीसह वहीत उतरवून ठेवा आणि वही घराबाहेर, शक्यतो मुलांकडे ठेवा.

दुर्दैवाने घरफोडी झालीच, तर कशालाही हात न लावता बाहेर येऊन ११२ क्रमांकावर कळवावे. आवराआवर करण्याचा मोह फार होतो, पण त्यात बोटांचे ठसे जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे प्राथमिक माहिती अहवालाची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून परतू नये, कारण विमा कंपनी सर्वप्रथम तीच मागते.