रयोकानमधली एक रात्र: बुकिंग करतानाच ठरवायच्या गोष्टी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नोव्हेंबरच्या मध्यावर जपानला जाताय, बरोबर सासूबाई आहेत, तिघंही शाकाहारी. क्योतोहून एक रात्र गरम झऱ्यांच्या गावी, रयोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या निवासात काढायची आहे आणि किनोसाकी हे गाव मनात आहे. पण जेवणाचं काय आणि परक्यांसमोर कपडे काढून अंघोळ कशी करायची, ही धास्ती आहे.

आधी जेवणाचं बघू, कारण ते बुकिंगच्या वेळीच मिटलं पाहिजे. रयोकानचा दर खोलीवर नसतो, माणशी असतो, आणि त्यात बहुधा रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरलेला असतो. मधल्या प्रतीच्या ठिकाणी माणशी साधारण १५,००० ते ३०,००० येन पडतात, शनिवारी जास्त. रात्रीचं जेवण म्हणजे एकामागून एक येणारे आठ-दहा छोटे पदार्थ, माणसं मोजून आणलेल्या सामानातून केलेले. तिथे पोचल्यावर शाकाहारी असल्याचं सांगितलं तर आचाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

शिवाय मासळी बाजूला काढून भागत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी', आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशीची असते. ट्यूनाच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात आणि त्याच्या पातळ कापांचा अर्क काढतात. मिसो सूपमध्ये ती असते, शिजवलेल्या मुळ्यात आणि भोपळ्यात असते, तेंपुरा ज्यात बुडवायचा त्या पातळ रश्शातही असते. म्हणून 'शाकाहारी' या एका शब्दावर विसंबू नका. बुकिंग करताना सुटं सुटं लिहा: मांस नको, मासे-कोळंबी-शिंपले नकोत, कात्सुओची दाशी नको, कोम्बु (समुद्रशेवाळ) आणि शिइताके अळंबीची दाशी चालेल, अंडं चालतं की नाही. मग स्पष्ट होकार येईपर्यंत थांबा. 'दाशी टाळता येणार नाही' असं उत्तर आलं तर ते प्रामाणिक आहे, त्यावर घासाघीस करू नका. दुसरी जागा बघा.

आता किनोसाकीबद्दल. त्या किनाऱ्यावर खेकड्यांचा हंगाम ६ नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. तुम्ही जाल तेव्हा जेवणात खेकडाच खेकडा असेल आणि दरही चढलेले असतील. शाकाहारी माणसाने त्या दिवसांत तिथलं जेवण धरून पैसे भरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गाव मात्र सोडू नका. 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय नुसती खोली, असा दर घ्या. क्योतोहून थेट एक्स्प्रेस गाडी अडीच तासांत पोचवते. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत, रयोकानमध्ये उतरलेल्यांना त्यांचा पास मिळतो आणि संध्याकाळी युकाता (सुती झगा) आणि गेता (लाकडी चपला) घालून एकातून दुसऱ्यात जाणं हीच तिथली खरी मजा. प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा असतो, तेवढा बघून ठेवा. खोलीत पाणी तापवायची किटली बहुधा असते, त्यामुळे पाकिटातले पोहे-उपमा चालून जातात. फक्त बाहेरचं खाणं खोलीत चालेल का, हे आधी विचारा.

जेवणच महत्त्वाचं असेल तर कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठांच्या गावी एखाद्या मंदिरात मुक्काम करा. तिथल्या 'शोजिन र्योरी'त, म्हणजे मंदिरातल्या शाकाहारी जेवणात, मांस-मासे नाहीत, माशाची दाशी नाही, कांदा-लसूणही नाही. कंदमुळं मात्र असतात, म्हणजे काटेकोर जैन जेवण ते नव्हे.

अंघोळीची धास्ती आपल्याकडच्या सवयीतून येते. वज्रेश्वरीच्या कुंडात किंवा राजापूरच्या गरम झऱ्यावर आपण अंगावर कपडे ठेवून उतरतो. ओन्सेनमध्ये, म्हणजे जपानी गरम झऱ्याच्या कुंडात, कपडे घालून उतरता येत नाही, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. पण स्त्रियांचं आणि पुरुषांचं कुंड वेगळं असतं. दारावरचा पडदा बहुधा स्त्रियांचा लाल, पुरुषांचा निळा. बऱ्याच ठिकाणी रात्रीतून दोन्ही बाजूंची अदलाबदल होते, म्हणून सकाळी सवयीने कालच्याच दारात शिरू नका, पडदा परत बघा.

आत गेल्यावर कपडे आणि मोठा टॉवेल टोपलीत ठेवायचा, हातात फक्त छोटा पंचा घ्यायचा. पुढे भिंतीलगत नळ, बुटकी स्टुलं आणि छोटी घंगाळी मांडलेली असतात. इथे आपली पाटावर बसून तांब्याने करायची अंघोळ कामी येते, अगदी तशीच करायची. बसूनच, कारण उभ्याने शेजारच्यावर पाणी उडतं. साबण लावून अंग स्वच्छ धुवा, फेस पूर्ण जाऊ द्या, स्टूल-घंगाळं विसळून ठेवा. केस लांब असतील तर वर बांधा. मगच कुंडात उतरायचं. ते पाणी सगळ्यांचं आहे आणि नुसतं बसून राहण्यासाठी आहे. त्यात साबण नाही, घासणं नाही, पंचाही बुडवायचा नाही. तो घडी करून डोक्यावर ठेवतात. बाहेर पडताना कपडे बदलायच्या खोलीच्या आधीच पंचाने अंग टिपून घ्या, नाहीतर तिथली जमीन ओली होते.

पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं. आपल्या बादलीतल्या कढत पाण्यापेक्षा हे सोसायला वेगळं, कारण गळ्यापर्यंत बुडालेलं अंग उष्णता टाकू शकत नाही. उतरण्याआधी पायांपासून वर घंगाळ्याने चार-पाच वेळा तेच पाणी अंगावर घ्या. पहिली खेप पाच मिनिटांची, मग बाहेर बसून गार व्हा, मग पुन्हा. आधी आणि नंतर ग्लासभर पाणी प्या. जेवल्याबरोबर किंवा दारू घेऊन उतरू नये. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, आणि छातीखालीच पाणी राहील असं बसवा. उठताना कठडा धरून सावकाश उठायचं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, झटकन उभं राहिलं की रक्त पायांकडे जातं आणि चक्कर येते. पडण्याचे प्रकार तिथेच होतात.

चांदीचे पैंजण-जोडवी खोलीतच काढून ठेवा, गंधकाच्या पाण्यात ती काळी पडतात.

इतकं करूनही संकोच वाटत असेल तर 'काशिकिरि-बुरो' मागा. हे घरच्यांसाठी ४५-५० मिनिटं राखून ठेवायचं स्वतंत्र कुंड. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी दोन-तीन हजार येन. पाळीच्या दिवसांतही हाच मार्ग बरा. अंगावर गोंदण असेल तरही उपयोगी, कारण पुष्कळ ठिकाणी गोंदण असलेल्यांना सार्वजनिक कुंडात घेत नाहीत. किनोसाकीच्या सात स्नानगृहांत मात्र ही अडचण नाही.

खोलीबद्दल थोडंसं. बूट दाराशी काढायचे, सपाता तातामीच्या (जमिनीवरच्या गवती चटयांच्या) आधी काढायच्या, संडासातल्या सपाता संडासातच. सुटकेसची चाकं तातामीवर फिरवू नका, गवताची विण उसवते. युकाता घालताना डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे. उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात, त्यामुळे कुणीतरी धावत येऊन दुरुस्त करेल. झोपायचे फुतोन (जमिनीवर घालायच्या गाद्या) बऱ्याच ठिकाणी तुम्ही जेवत असताना घातले जातात. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर पलंग असलेली आणि टेबल-खुर्ची असलेली खोली बुकिंगच्याच वेळी मागा. खोलीत संडास आहे की सामायिक, हेही तेव्हाच विचारा.

प्रवेश बहुधा दुपारी तीनला आणि खोली सोडायची सकाळी दहाला. संध्याकाळी सातला पोचाल तर निम्मा दर वाया जाईल, म्हणून तीनलाच दारात हजर राहा. मोठ्या बॅगा क्योतोच्या हॉटेलातून 'ताक्क्युबिन' कुरियरने पुढच्या मुक्कामी पाठवा, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोचतात. जवळ एका रात्रीपुरती पिशवी पुरे, कारण युकाता आणि टॉवेल तिथेच मिळतात. निघताना बिलात माणशी सुमारे १५० येन स्नानकर दिसेल, तो सरकारी आहे. बक्षिसी द्यावी लागत नाही. बेत रद्द करायचा झाला तर आठवडाभर आधी कळवा. ऐनवेळी कळवलं तर बहुतेक ठिकाणी पूर्ण रक्कम आकारतात.